जुन्या फियाटचा श्वास : कार्ब्युरेटरची निवड आणि दुरुस्ती

जुनी फियाट घरात आली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सल्ला देतं, "कार्ब्युरेटर बदलून टाका, सगळी कटकट मिटेल." आमच्याकडच्या १९६८ सालच्या डिलाइटबाबतही हेच झालं. गाडी सिग्नलला बंद पडायची, चढावर धापा टाकायची आणि पेट्रोलचा वास थेट घरात यायचा. तीन गॅरेजांनी तीन वेगवेगळे कार्ब्युरेटर सुचवले. शेवटी मूळचाच सोलेक्स कार्ब्युरेटर खोलला, मोजला आणि दुरुस्त केला. आज गाडी त्याच्यावरच चालते. मूळ कार्ब्युरेटर टाकून देण्याआधी तो नीट तपासावा, या मतावर मी तेव्हापासून ठाम आहे. तो कसा तपासायचा आणि कसा दुरुस्त करायचा, ते इथे मांडतो.

कुर्ल्याचं इंजिन

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे किरकोळ बदल होत होत तीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे ही गाडी. २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही.

टॅक्सीचा उल्लेख मुद्दाम केला. हे इंजिन उघडलेले हात आणि त्याचे सुटे भाग अजून सापडतात, ते या टॅक्सींमुळेच. चार सिलिंडर, ६८ मि.मी. बोअर, ७५ मि.मी. स्ट्रोक, एकूण १०८९ सीसी. त्यावर वरून खाली हवा ओढणारा, एकाच नळीचा सोलेक्स. सोलेक्स मूळचा फ्रान्सचा, पण त्याच्या परवान्याने मद्रासला कार्ब्युरेटर बनत. त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक जुन्या गाड्यांवर हेच नाव दिसतं.

आत काय चालतं

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. ती हवा कार्ब्युरेटरच्या गळ्यातून जाते. गळा मध्येच अरुंद केलेला असतो. या अरुंद भागाला व्हेंच्युरी म्हणतात. तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. शेजारच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उभं असतं. दोन्ही दाबांतल्या फरकामुळे ते जेटमधून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. सगळा खेळ हे प्रमाण सांभाळण्याचा.

मेन जेट रस्त्यावरचा वेग सांभाळतो. गाडी उभी असताना गळ्यातून पुरेशी हवाच जात नाही, म्हणून थ्रॉटलच्या पाकळीखाली आयडलिंगचं वेगळं छिद्र असतं. पाकळी जराशी उघडली की तिच्या कडेजवळची आणखी एक-दोन बारीक छिद्रं कामाला लागतात आणि आयडलिंगपासून मेन जेटपर्यंत गाडी अडखळू देत नाहीत. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या प्रकारात पाय एकदम दाबला की पेट्रोलची एक चिळकांडी जास्तीची मिळते. थंड इंजिनासाठी आपण डॅशबोर्डवरची जी कळ ओढतो तिला चोक म्हणतो खरं, पण सोलेक्सच्या या घराण्यात ती गळा बंद करत नाही. ती बाजूला बसवलेला एक छोटा स्वतंत्र कार्ब्युरेटर चालू करते. कळ पूर्ण मागे ढकलूनही त्याची चकती नीट बंद झाली नाही, तर गाडी दिवसभर जास्तीचं पेट्रोल पीत राहते. ॲव्हरेज ढासळल्याची तक्रार असेल तेव्हा मी आधी ही केबल पाहतो.

दोष खरंच कार्ब्युरेटरचा आहे का

पाना हातात घेण्याआधी बाकीचं इंजिन ठीक आहे ना, हे पाहावं. टॅपेटची फट, काँटॅक्ट पॉइंटची फट, टायमिंग, प्लग, कंडेन्सर, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. कंडेन्सर गेलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर दहादा साफ केला तरी ती मिसिंग मारणारच. पेट्रोल पंपही तपासावा. कॅमशाफ्टवर चालणारा मूळ पंप हलक्या दाबाने पेट्रोल देतो. कोणी त्याच्या जागी जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर पेट्रोल नीडल व्हॉल्व्हला ढकलून आत शिरतं आणि ओव्हरफ्लो होतो. मग दोष विनाकारण फ्लोटच्या माथी येतो. उन्हाळ्यात गर्दीत बंद पडून थंड झाल्यावर चालू होणारी गाडी बहुधा पंपात आणि नळीत झालेल्या वाफेने अडलेली असते. पंपावर ओलं फडकं ठेवणाऱ्या टॅक्सीवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

यानंतरही दुखणं उरलं, तर लक्षणं बरंच सांगतात. प्लग काळा, काजळी सुटी आणि कोरडी : पेट्रोल जास्त. प्लग पांढरट आणि इंजिन तापलेलं : पेट्रोल कमी किंवा कुठूनतरी जास्तीची हवा. पाय दाबल्यावर क्षणभर दम तुटतो : ॲक्सिलरेटर पंपाचं डायफ्राम किंवा ती बारीक मधली छिद्रं. आयडलिंग खालीवर होत राहतं आणि कोणत्याच स्क्रूला दाद देत नाही : थ्रॉटलचा दांडा झिजलेला. बाहेरची हवा कुठून शिरते ते शोधायला काही जण चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडतात. त्याने गाडी पेट घेऊ शकते. त्याऐवजी सांध्यांवर इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब सोडावेत. इंजिनचा आवाज बदलला तर तिथे गळती आहे.

तोच, तसलाच, की दुसराच

दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला कार्ब्युरेटर म्हणजे तडा गेलेली बॉडी, गंजून खड्डे पडलेलं फ्लोट चेंबर किंवा कोणीतरी ड्रिल घालून मोठे केलेले मार्ग. यातलं काही नसेल तर मूळचाच ठेवावा, असं माझं मत. त्याचं कारण आकड्यांत दिसतं.

१०८९ सीसीचं इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर, सिलिंडर ८० टक्के भरतात असं धरलं, तर सेकंदाला सुमारे ३६ लिटर हवा ओढतं. व्हेंच्युरी २४ मि.मी.ची असेल तर त्या गळ्यात हवेचा सरासरी वेग सेकंदाला ८० मीटर येतो. गळा २८ मि.मी.चा केला तर तो ५९ वर उतरतो. वरच्या फेऱ्यांवर मोठ्या गळ्याने थोडी ताकद मिळेल, हे खरं. पण गावात गाडी बहुतेक वेळ १,५०० फेऱ्यांवर चालते. तिथे २४ च्या गळ्यात वेग सेकंदाला २४ मीटर असतो, २८ च्या गळ्यात फक्त १८. हवा मंदावली की पेट्रोलचे थेंब मोठे राहतात, मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटतात आणि पिकअप जातो. "मोठा कार्ब्युरेटर लावला आणि गाडी मेली" ही तक्रार याच गणितातून येते. म्हणूनच दोन नळ्यांचा मोठा वेबर या साध्या इंजिनावर चढवायच्या मी विरोधात आहे. कॅमशाफ्ट आणि मॅनिफोल्ड मूळचेच ठेवायचे, तर त्या वेबरला पुरेशी हवा मिळणारच नाही.

मारुती ८०० चा मिकुनी कार्ब्युरेटर मधे पट्टी बनवून बसवणं हा आपल्याकडचा जुना जुगाड. चांगलं ॲव्हरेज दिल्याचे अनुभव लोक सांगतात आणि नीट ट्यून केला तर गाडी चालते. पण तो ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांसाठी बेतलेला आहे. जेट बदलल्याशिवाय त्याला १०८९ सीसीचं माप जुळत नाही. अंतर कापण्यासाठीच गाडी वापरणाऱ्याने तो लावला तर मी अडवणार नाही. पन्नास वर्षांची गाडी जपणाऱ्याला मात्र नक्की थांबवेन. जुलै २०२१ मधल्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या, म्हणजे चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. १९६४ ते १९७४ च्या डिलाइट आता त्या वयाच्या आहेत. मूळपणाला किंमत असलेल्या गाडीत बॉनेट उघडल्यावर आधी नजरेत भरतो तो कार्ब्युरेटरच.

मूळचा हरवलाच असेल, तर तसलाच जुना शोधावा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि टॅक्सी दुरुस्त करणारी जुनी गॅरेजं ही त्याची ठिकाणं. बाजारात बॉडीवर कोरलेला प्रकार आधी वाचावा, मग चार गोष्टी पाहाव्यात. थ्रॉटलचा दांडा अंगठ्याने हलवून पाहावा, किती खुळखुळतो ते कळतं. खालच्या फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून बाक दिसतो का पाहावं. आयडलिंगच्या स्क्रूचं टोक काढून बघावं, तिथे खाच पडली असेल तर कोणीतरी तो जोर लावून आवळलेला आहे. जेटवरचे आकडे शाबूत असावेत. चकचकीत पॉलिश केलेल्या कार्ब्युरेटरपेक्षा मळलेला पण कोणी हात न लावलेला मी केव्हाही पसंत करतो.

खोलताना

बॅटरीची तार काढावी, दार-खिडक्या उघडाव्यात आणि आसपास विडी-सिगारेट नसावी. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. पितळी जेट मऊ असतात. चुकीच्या जाडीच्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची खाच एकदाच फाटते आणि मग आयुष्यभर त्रास देते. जेटच्या खाचेत बरोबर बसेल असा एक स्क्रू ड्रायव्हर घासून तयार ठेवावा. काढलेल्या प्रत्येक जेटचा आकडा आणि जागा वहीत लिहावी. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा साधारणपणे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो : १२५ म्हणजे सव्वा मिलिमीटर. आयडलिंगचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच बंद करून किती फेरे होतात ते मोजून ठेवावं.

बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, मिस्त्री तिला मझाक म्हणतात. तिला कॉस्टिक सोड्यात किंवा तीव्र आम्लात बुडवू नये, ती काळवंडते आणि खाल्ली जाते. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवावी, मऊ ब्रशने घासावी, सगळे मार्ग कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करावेत. डोळ्यांना चष्मा हवाच, फवारा नेमका तोंडावर येतो. जेटमध्ये लोखंडी तार घालायची नाही. छिद्र एका शतांशाने मोठं झालं तरी माप बिघडतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फारच अडलं तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एक मऊ धागा वापरावा. प्रत्येक मार्गात क्लीनर सोडून तो पलीकडच्या छिद्रातून येतो का, हे स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

थ्रॉटलचा दांडा

किट बदललं, सगळं धुतलं, तरी गाडी तशीच. या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. पोलादी दांडा जस्ताच्या मऊ बॉडीत पन्नास वर्षं फिरतो. स्प्रिंग त्याला सतत एका बाजूला ओढते, धूळ घासपेपरचं काम करते आणि गोल भोक लंबगोल होतं. त्या फटीतून शिरलेली हवा कोणत्याही जेटने मोजलेली नसते. पूर्ण वेगात इंजिन इतकी हवा घेतं की ही गळती जाणवत नाही. आयडलिंगला मात्र इंजिन अगदी थोडी हवा घेतं, तेव्हा हीच गळती मोठा वाटा होऊन बसते. म्हणून गाडी हायवेला छान पळते आणि सिग्नलला बंद पडते.

इलाज म्हणजे भोक रीमरने गोल करून त्यात पितळेचे किंवा ब्राँझचे बुश बसवणं. हे काम लेथवाल्याकडून करून घ्यावं आणि दोन्ही बाजूंची भोकं बॉडी न हलवता एकाच मांडणीत करायला सांगावीत. रेषा चुकली की दांडा अडकतो. आणि अडकलेला थ्रॉटल म्हणजे पाय काढल्यावरही पळत राहणारी गाडी. दांड्यावर झिजेचा खळगा असेल तर दांडाही नवा करावा, नाहीतर नव्या बुशातही फट राहतेच.

पाकळी काढण्याआधी तिची वरची बाजू आणि दिशा खूण करून ठेवावी. तिच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात, उलटी बसवली तर ती पूर्ण बंद होत नाही. परत बसवताना स्क्रू सैल ठेवावेत, थ्रॉटलचा अडसर स्क्रू मागे घ्यावा, पाकळी दोन-तीनदा खटकन बंद करावी म्हणजे ती आपोआप मध्यावर येते. मग बॉडी उजेडासमोर धरावी. कडेने प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा बसवावी. पाकळीच्या स्क्रूंची टोकं शेवटी ठोकून पसरवायची असतात. हे विसरलं आणि स्क्रू सुटला, तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो. जुने स्क्रू पुन्हा वापरू नयेत.

फ्लँज वाकला असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर आठच्या आकड्यात घासावा. तो वाकतो नट जोरात आवळल्याने, म्हणून बसवताना दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने घट्ट करावेत. मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटरच्या मधलं जाड उष्णतारोधक पॅकिंग कोणी काढून टाकलं असेल तर ते परत घालावं. त्याच्याविना फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं.

फ्लोट आणि नीडल

पितळी फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर त्याला भोक आहे. तो गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे जागा दाखवतात. आतलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय डाग देऊ नये, कारण आतली वाफ पेटते. डागही अगदी थोडा द्यावा. फ्लोट जड झाला की चेंबरमधली पातळी चढते. नीडल व्हॉल्व्ह नवाच घ्यावा. त्याच्या खाली असलेल्या वॉशरची जाडी पातळी ठरवते, म्हणून जुना वॉशर मोजल्याशिवाय फेकू नये. जाड वॉशर घातला की पातळी उतरते, पातळ घातला की चढते.

ई-२० पेट्रोल आणि जुना कार्ब्युरेटर

आपल्या आजोबांच्या मिस्त्रींना हा प्रश्न पडला नव्हता. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभरातल्या पंपांवर नेहमीचं झालं. १९६८ चा कार्ब्युरेटर शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेला आहे.

पहिला परिणाम रबरावर. जुनं डायफ्राम आणि नळ्या फुगतात, मऊ पडतात, तुकडे सुटून जेटमध्ये अडकतात. डायफ्राम आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुओरो रबराचे, नळी आर-९ दर्जाची घ्यावी. पेट्रोल पंपाचं डायफ्राम विसरू नये.

दुसरा परिणाम मापावर. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो. त्यामुळे ई-२० ला एका किलोमागे १४.७ ऐवजी साधारण १३.५ किलो हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. समजा मेन जेट १२५ चा आहे. तो १३० चा केला तर छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे आठ टक्क्यांनी वाढतं. म्हणून एक पायरी मोठा जेट हे चांगलं पहिलं पाऊल. त्यापुढे मात्र प्लगचा रंग बघूनच जावं. मूळ जेट डबीत जपून ठेवावा.

तिसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणच्या पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळे बसू शकतात आणि ते मिश्रण जस्ताला खातं. मी पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवतो. मोठ्या मुक्कामाआधी पेट्रोलची नळी काढून फ्लोट चेंबर रिकामं होईपर्यंत इंजिन चालवतो.

जुळवणी आणि घाट

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, चोक पूर्ण आत असताना जुळवणीला लागावं. आयडलिंगचा स्क्रू हलकेच बंद करून दीड फेरा उघडायचा. मग पाव-पाव फेरा फिरवत फेऱ्या सर्वांत जास्त होतील ती जागा शोधायची. नंतर थ्रॉटलच्या स्क्रूने फेऱ्या खाली आणायच्या आणि पुन्हा पहिल्या स्क्रूकडे यायचं. असं दोन-तीनदा. व्हॅक्यूम गेज असेल तर मुंबईसारख्या समुद्रसपाटीच्या गावी निरोगी इंजिन पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांदरम्यान स्थिर राहतं. काटा स्थिर राहत नसेल तर व्हॉल्व्ह किंवा टायमिंगकडे परत जावं.

समुद्रसपाटीला जुळवलेली गाडी महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, जास्त पेट्रोल पिते. तिथली हवा बारा-तेरा टक्के विरळ असते आणि मिश्रण त्यामुळे सहा-सात टक्क्यांनी घट्ट होतं. ई-२० ने आलेली कमतरता तिथे जवळपास भरून निघते. म्हणून एक पायरी मोठा जेट लावायचा की नाही, हे घाटावर राहणाऱ्याने आणि मुंबईकराने वेगवेगळं ठरवावं. मी मुंबईत मोठा जेट लावला. पाचगणीत राहत असतो तर मूळचाच ठेवला असता.

शेवटची परीक्षा चढावर. तिसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल बराच उघडा ठेवून काही मिनिटं चढायचं, मग मोकळी सुरक्षित जागा बघून क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करायचं आणि गाडी कडेला घ्यायची. प्लग काढायचे. तांबूस-तपकिरी, कोरड्या बिस्किटाच्या रंगाचे निघाले तर वहीत तारीख, जेटचे आकडे, वॉशरची जाडी आणि आयडलिंगचे फेरे लिहून ठेवायचे. आमच्या डिलाइटच्या वहीतलं ते पान तिसऱ्या चढाईनंतर भरलं. त्याआधीच्या दोन पानांवर फक्त काजळीचे ठसे आहेत.